सिस्टर, अर्जनवीस, कंडक्टर आणि मी: वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला खुले पत्र

माननीय अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात वाचनालयाच्या फलकावर एक कागद लागला. वर्तमानपत्रांच्या टेबलाच्या बरोबर वर, म्हणजे तो वाचल्याशिवाय कुणाची सुटका नाही अशा जागी. मुलांचा शनिवारचा लेखनवर्ग पुढच्या महिन्यापासून 'शासनमान्य अर्हताधारक' शिक्षकच घेतील, सध्याच्या मार्गदर्शकांनी आपली सेवा थांबवावी, असं त्यात 9 ओळींत म्हटलं आहे. खाली शिक्का आहे. मी 26 वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मुद्रितशोधक होतो. त्या 9 ओळींतल्या चुका मी मोजल्या नाहीत असं म्हटलं तर कुणाला पटणार नाही. पण हे पत्र त्या चुकांबद्दल नाही.

पत्र खुलं का, तेही सांगतो. आधी मी चिटणीसांकडे गेलो. ते म्हणाले, निर्णय मंडळाचा आहे. मंडळावरच्या दोघांना गाठलं, तर त्यांचं म्हणणं, विषय 'ऐनवेळचे विषय' म्हणून चिटणीसांनीच मांडला, आम्ही नुसती मान डोलावली. अध्यक्ष पुण्याला असतात. म्हणजे निर्णय झाला, पण केला कुणीच नाही. आपलं वाचनालय 1967च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेतं आणि सभासदांकडून वर्गणी घेतं. त्याचा पत्रव्यवहार सभासदांनी वाचला तर बिघडत काही नाही.

माझं शिक्षण बारावी. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं आणि त्याच वर्षी वडील गेले, म्हणून एका छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागलो. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, लावायचे. अक्षरं उलटी दिसत, त्यामुळे नजरेसरशी शब्द वाचून पुढे पळता येत नसे. ऱ्हस्व-दीर्घ मी नियमांच्या पुस्तकातून शिकलो नाही, चुकलेली ओळ उसवून पुन्हा लावण्याच्या त्रासातून शिकलो. नियमांचं पुस्तक नंतर हातात आलं, तेव्हा बरेचसे नियम बोटांना आधीच ठाऊक होते. पुढे ऑफसेट आलं, संगणक आले, खिळे भंगारात गेले आणि मी प्रुफं तपासायला बसलो.

निवृत्त झालो त्या वर्षी आपले तेव्हाचे ग्रंथपाल मला म्हणाले, 'काका, शनिवारी पोरं बालविभागात नुसता दंगा करतात. काहीतरी लिहायला लावता का?' या वर्गाची स्थापना म्हणतात ती एवढीच. वह्या-पेन्सिलींसाठी महिन्याला 20 रुपये घ्यायचे, ज्याला जमत नाही त्याच्याकडून घ्यायचे नाहीत, हेही तेव्हाच ठरलं. त्याला 7 वर्षं झाली.

मी एकटा पुरणार नव्हतो, म्हणून माणसं गोळा केली. माणसं शोधताना मी पदवी विचारली नाही. एकच विचारलं: तुमच्या कामात शब्द चुकला तर काय व्हायचं? ज्यांच्याकडे या प्रश्नाला खरं उत्तर होतं ती माणसं घेतली. ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर. तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून बसणारे एक अर्जनवीस. एसटीचे एक निवृत्त कंडक्टर. आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून 34 वर्षं शिकवलेल्या एक बाई. आपल्या नव्या नियमात आमच्यापैकी फक्त बाई बसतात, आणि 'मी एकटी बसणार नाही' असं त्यांनी मला फोनवर सांगितलं आहे. त्यांनी राजीनामा मात्र दिलेला नाही, कारण नेमणूक कुणाचीच कधी झाली नव्हती.

आता तक्रारी.

पहिली, कायद्याबद्दल. कागदावर 'शासनाच्या नियमानुसार' असं लिहिलं आहे. कोणत्या? चिटणीसांनी तोंडी सांगितलं की शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. खरं आहे. 2009च्या त्या कायद्यातलं कलम 23 शिक्षकांच्या किमान अर्हतेचं आहे, पण ते शाळेत नेमायच्या शिक्षकांसाठी. वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी 4 ते 6 बसणारी 31 मुलं म्हणजे शाळा नव्हे. आणि त्याच कायद्यात पुढे कलम 28 आहे: शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. आपल्या कागदात 'कार्यरत शिक्षकांस प्राधान्य' म्हटलंय आणि वर्गाला फी लावायचंही ठरलंय. फी घेऊन कार्यरत शिक्षकाला शिकवायला बसवायचं, त्यासाठी आधार घ्यायचा तो या कायद्याचा! आमचे अर्जनवीस हे वाचून म्हणाले, 'असा अर्ज मी पक्षकाराला करू दिला नसता.' शिवाय 2020चं राष्ट्रीय शिक्षण धोरण शाळांनाच सांगतं की स्थानिक कला, कारागिरी, शेती अशा विषयांत गावातल्या जाणकारांना शिकवायला बोलवा. शाळांना दार उघडायला सांगितलं जात असताना वाचनालयाने ते लावून घ्यायचं, याची मला संगती लागत नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि खरी तीच आहे. 'अर्हता' म्हणजे काय, हे आपण आम्हाला कधी विचारलंच नाहीत. गेल्या 7 वर्षांत मंडळापैकी कुणी वर्गात 10 मिनिटं बसलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

सिस्टरांचं घ्या. सातवीतल्या एका मुलाने लिहिलं होतं, 'आजोबा खूप आजारी होते. आम्हाला खूप वाईट वाटले.' मी शुद्धलेखन पाहिलं, चूक नव्हती, वही पुढे सरकवली. सिस्टरांनी ती परत ओढली. रात्रपाळीचा रिपोर्ट लिहिण्यात त्यांची हयात गेली. तो इंग्रजीत असायचा, पण शिस्त अशी की 'पेशंट अस्वस्थ' एवढंच लिहून चालत नाही, सकाळी येणारीला त्यातून काही कळत नाही. त्यांनी मुलाला विचारलं, 'आजारी म्हणजे कसे रे? जेवत होते? कुठल्या कुशीवर झोपायचे? हाक मारल्यावर बघायचे का?' पोरगा बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने लिहिलं, 'आजोबा चहा बशीत ओतायचे, पण बशी उचलायचे नाहीत.' सिस्टरांनी वही बंद करून त्याच्या हातात दिली. निरीक्षण कसं शिकवावं यावर बी.एड.ला प्रकरण असेलच. सिस्टरांनी ते वाचलेलं नाही.

कंडक्टर दुसऱ्याच धाटणीचे. त्यांचं शुद्धलेखन वाईट आहे, मीच त्यांची टिपणं तपासून देतो. पण गाडीत 50 माणसं बोलत असताना कोण कुठं उतरणार हे ज्याला ऐकू येतं, त्याचा कान साधा नसतो. दोन वर्षांपूर्वी हंगामात मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळीतली एक मुलगी चारेक महिने वर्गाला येत होती. आम्ही विषय दिला होता 'माझे घर'. तिने पहिल्यांदा दोनच वाक्यं लिहिली: 'आमचं घर दोन आहेत. एकाला दार आहे.' मी असतो तर आधी 'घर'चं 'घरं' केलं असतं, एवढं मी मान्य करतो. कंडक्टरांनी विचारलं, 'आणि दुसऱ्याला?' तिने कोपीबद्दल, म्हणजे टोळीच्या पाचटाच्या झोपडीबद्दल, दीड पान लिहिलं. पाचट कसं रचतात, कोयत्यावर जाताना आई धाकट्याला कुणाच्या स्वाधीन करते, मुकादम रात्री येतो तेव्हा कुत्रं आधी कसं भुंकतं. बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्हाला तो प्रश्न सुचला कसा? म्हणाले, 'अहो, ह्या लोकांची बोचकी मी 20 वर्षं गाडीत चढवून घेतलीत. दाराचं कुलूप कधी बघितलं न्हाई.' पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, टोळी गेली, मुलगीही गेली. तिची वही कपाटात आहे.

अर्जनवीसांबद्दल थोडक्यात. त्यांचा व्यवहार वारसनोंदींचा आणि सातबारावरच्या चुकांचा. ते मुलांना एकच सांगतात: साहेब पहिली ओळ वाचतो आणि मग सही बघतो. मधलं वाचून घ्यायचं असेल तर पहिल्या ओळीत काम सांगा. मुलांनी वाचनालयाच्या बोळातल्या बंद दिव्याबद्दल नगरपालिकेला अर्ज लिहिला तो त्यांच्या हाताखाली. 4 वेळा फाडायला लावला. दिवा अकराव्या दिवशी लागला. संध्याकाळच्या बैठकीला आपण त्याच उजेडातून येता.

माझं काम खुणा. प्रुफावर करतात त्या सगळ्या मी मुलांना शिकवल्या आहेत, आणि ती आता एकमेकांच्या वह्या तपासतात. एक पथ्य मात्र त्यांना पाठ आहे: अवतरणातलं वाक्य बोलणाऱ्याच्या मालकीचं. एका मुलीने लिहिलं होतं, 'आज्जी म्हणाली, "लई पाऊस हाय, नगं जाऊस."' शाळेत ते खोडून 'खूप पाऊस आहे, जाऊ नकोस' असं करून मिळालं. आमच्याकडे आज्जी तशीच राहिली. शाळेतल्या शिक्षिकेला दोष देत नाही. तिच्यापुढे 60 वह्या असतात आणि घंटा वाजायची असते.

आणि हे सगळं चालतं ते बाईंमुळे, हे न सांगणं अन्याय होईल. लिहिणं आम्हाला येत होतं, मुलं येत नव्हती. पहिल्या वाचनाला लाल पेन हातात धरायचंच नाही, हे बाईंनी शिकवलं. चुकलेलं वाक्य वर्गात मोठ्याने वाचायचं नाही. चौथीच्या मुलाचा हात 10 मिनिटांत दुखतो, तेव्हा मधे गप्पा मारायच्या. सिस्टरांना एकदा त्यांनी सर्वांदेखत थांबवलं होतं, कारण एक मूल रडायच्या बेतात होतं आणि सिस्टरांचे प्रश्न संपत नव्हते. म्हणून प्रशिक्षित शिक्षक नकोत असं आम्ही म्हणत नाही. उलट प्रत्येक गटात एक हवाच. पण पाच जणांतला एक ठेवून चौघांना घरी पाठवायचं आणि त्याला दर्जावाढ म्हणायचं, हे आम्हाला मान्य नाही.

इथे शाळेत शिपाई असलेल्या आणि पुढे शिक्षक झालेल्या नारायण सुर्व्यांचं नाव घ्यायचा मोह होतो. सर्वसाधारण सभेत कुणीतरी ते घेईलच. मी त्यावर वाद उभारणार नाही. ते थोर कवी होते, आम्ही नाही, आणि थोरांच्या सावलीत उभं राहून आमची उंची वाढत नाही. आमचा दावा लहान आहे: अकरा-बारा वर्षांच्या मुलाला वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या कारणांनी लिहितात हे डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे. एक जीव वाचावा म्हणून लिहितं, एक जमीन सुटावी म्हणून, एक नुसती गंमत सांगायला. एकाच पदवीच्या पाच जणांकडून ते दिसणं कठीण.

तिसरी तक्रार पालकांच्या तक्रारीबद्दल. सभेत एक अर्ज वाचला गेला असं कळलं. एका दहावीच्या मुलाला शाळेच्या सराव परीक्षेत प्रसंगलेखनाला 8 पैकी 3 गुण मिळाले, आणि त्याचं खापर आमच्या वर्गावर फुटलं. अर्जातला राग मला समजतो. दहावीच्या मराठीच्या 80 गुणांच्या पेपरात उपयोजित लेखन 24 गुणांचं असतं, हे काही थोडं नाही. आम्ही परीक्षेचं तंत्र वेगळं शिकवलं नाही, ही आमची कसूर आहे. ती भरून काढू. पण त्या 24 गुणांत काय असतं ते एकदा पाहा: पत्र किंवा सारांश 6 गुणांना, जाहिरात, बातमी आणि कथा यांतले दोन प्रकार मिळून 10 गुणांना, आणि शेवटी प्रसंग, आत्मकथन किंवा विचार 8 गुणांना. पत्र ज्याने 40 वर्षं पोटासाठी लिहिलं तो माणूस आपल्याकडे आहे. बातमी रोज रात्री ज्याच्या हाताखालून गेली तोही आहे. दोघांना काढून आपण पत्र आणि बातमी शिकवायला माणूस शोधणार!

चौथी तक्रार कागदावर नाही, इतिवृत्तात आहे. नव्या वर्गासाठी शहरातल्या एका कंपनीचा छापील संच घ्यायचं ठरलं आहे. 60 तयार निबंध, गाळलेल्या जागा, वर्षअखेर प्रमाणपत्र. फी वर्षाला 4500 रुपये. नमुन्याची पुस्तिका मी चाळली. 'मी पाहिलेला सूर्यास्त', 'पाऊस पडला नाही तर', 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त', सगळी जुनी मंडळी हजर आहेत, आणि बहुतेकांची सुरुवात रम्य सकाळी पक्ष्यांच्या किलबिलाटाने होते. सूर्यास्ताचीसुद्धा. 20 रुपये ज्यांना जड जातात अशी 9 मुलं आज वर्गात आहेत. ती 4500 कुठून आणणार, हा प्रश्न सभेत कुणी विचारल्याची इतिवृत्तात नोंद नाही.

पाचवी लहान आहे, पण बोलून टाकतो. सिस्टरांना ही बातमी फलकावरून कळली. शनिवारी पावणेचारला, आजूबाजूला मुलं असताना, चष्मा शोधत त्यांनी तो कागद वाचला. एक फोन करता आला असता.

आमच्या चुका लपवायच्या नाहीत. तिसऱ्या वर्षी आम्ही जिल्ह्यात नाव असलेल्या एका कवींना 2 महिने बोलावलं होतं. चौथ्या शनिवारपर्यंत सगळी पोरं 'क्षितिज' आणि 'वेदना' लिहू लागली. पाचवीतल्या एका मुलाने एकाकीपणावर कविता केली, आणि तो घरात 9 माणसांत राहतो. आम्ही कवींचे आभार मानले आणि थांबलो. त्यांच्याकडे एम.ए. होतं, हे जाता जाता. दुसरी चूक जास्त गंभीर: आमच्यापैकी कुणाचीही चारित्र्य पडताळणी कधी झाली नाही. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, असं म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला. सोडायला नको होता. मंडळाने अर्हतेऐवजी याच मुद्द्यावर आम्हाला धारेवर धरलं असतं, तर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या मागण्या अशा:

फलकावरचा निर्णय येत्या सर्वसाधारण सभेपर्यंत स्थगित करावा आणि तिथे तो ऐनवेळचा विषय म्हणून न घेता विषयपत्रिकेवर छापून ठेवावा.

मार्गदर्शकांची निवड पदवीवरून न करता कामावरून करावी. प्रत्येकाने मुलांसमोर एक तास घ्यावा, आणि त्याने तपासलेल्या 5 वह्या मंडळाने पाहाव्यात. आम्हा चौघांपासून सुरुवात करा. मी नापास झालो तर त्याच दिवशी थांबेन. कंडक्टर नापास होणार नाहीत, एवढं मी लिहून देतो.

प्रत्येक गटात एक प्रशिक्षित शिक्षक असावा. निवृत्त घ्या, म्हणजे कलम 28चा प्रश्नच येणार नाही.

आम्हा सर्वांची, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाची, पोलीस पडताळणी करून घ्यावी. वर्गात एका वेळी दोन मोठी माणसं असावीत आणि दार उघडं असावं.

दहावीच्या मुलांसाठी दिवाळीनंतर परीक्षेचा वेगळा तास ठेवावा. तो बाई आणि अर्जनवीस मिळून घेतील, त्यांनी होकार दिला आहे.

फी 20 रुपयेच राहावी. छापील संच घेऊ नये. घ्यायचाच असेल तर तो ग्रंथालयात संदर्भासाठी ठेवा, मुलांना त्याचं विडंबन करायला उपयोग होईल.

एक आठवण करून देतो. 3 ऑक्टोबर 2024ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा त्यानंतरच्या आठवड्यात आपण वाचनालयात पेढे वाटले. दर्शनी भिंतीवर मुलांचं भित्तिपत्रक होतं, त्यासमोर मंडळाने फोटो काढला. तो आजही कार्यालयात लावलेला आहे. अध्यक्षांच्या उजव्या खांद्यामागे जी कथा दिसते, नदीला पूर आला तेव्हा दुकानातली पोती रात्रभर वर चढवणाऱ्या काकांची, ती याच वर्गातल्या मुलीची. खाली तपासणाऱ्याची सही आहे, वाकडी आणि मोठी. कंडक्टरांची.

लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, आजीव सभासद

ता. क. वह्यांच्या कपाटाची एक किल्ली अजून माझ्याकडे आहे. आत 7 वर्षांच्या वह्या आहेत. परवा शिपाई किल्ली मागायला आला होता, मी दिली नाही. वह्यांची यादी करून, दोघांच्या सहीने पावती मिळाली की त्याच दिवशी आणून देतो. यादीत ऊसतोड टोळीतल्या त्या मुलीच्या वहीची नोंद वेगळी करावी. पुढच्या हंगामात टोळी याच बाजूला आली, तर ती वही तिला द्यायची आहे.